ज्येष्ठांची जुनी इमारत: डागडुजी करावी की पाडून नवी बांधावी?

उंबरठा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

अमेरिकेत आमच्या भागातल्या एका छोट्या ना-नफा संस्थेच्या बोर्डावर मी चार वर्षं आहे. संस्थेकडे एकच मालमत्ता आहे: कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठीची तीन मजली इमारत. एका चर्चच्या मंडळींनी केंद्राकडून सेक्शन २०२ चं कर्ज घेऊन १९८१ साली ती उभी केली. ८४ घरं, त्यातली निम्म्याहून जास्त स्टुडिओ. म्हणजे एकच खोली, त्यातच पलंग, त्यातच ओटा. भाडं ज्याच्या-त्याच्या उत्पन्नाच्या ३० टक्के, वरचा फरक सेक्शन ८ च्या करारातून सरकार भरतं. चाळीस वर्षांचं कर्ज फिटलं. इमारतही फिटल्यासारखीच दिसते.

सांडपाण्याचे बिडाचे पाईप आतून कुजलेत. बाथरूमचे दरवाजे इतके अरुंद की व्हीलचेअर दाराशीच अडते. लिफ्ट एकच. मागच्या हिवाळ्यात ती ११ दिवस बंद होती, सुटा भाग मिळेना. तिसऱ्या मजल्यावरच्या एक आजी त्या ११ दिवसांत एकदाही खाली उतरल्या नाहीत आणि हे आम्हाला कधी कळलं, तर पोस्टमनने त्यांची टपालपेटी भरून वाहतेय असं सांगितलं तेव्हा. बोर्डावर असून मला हे माहीत नव्हतं, याची अजून लाज वाटते.

आता दोन प्रस्ताव आलेत.

अ) माणसं आत राहत असताना टप्प्याटप्प्याने दुरुस्ती. पाईप, लिफ्ट, बाथरूम बदलायचे. स्टुडिओ मात्र स्टुडिओच राहणार.

ब) सगळ्यांना दोनेक वर्षं दुसरीकडे हलवायचं, इमारत पाडायची, त्याच जागी पाच मजली नवी बांधायची. ११० घरं, सगळी वन बेडरूम. पैसा मुख्यतः टॅक्स क्रेडिटमधून.

पुढच्या महिन्यात मतदान आहे आणि माझं अजून ठरत नाहीये. कुणाला या प्रकाराचा अनुभव आहे का? घरात कुणी अशा इमारतीत राहिलंय का?

अवली_पाहुणा

रुमाल टाकून ठेवतो. ऑफिसातून आलो की वाचतो.

खडूसकाका

यात विचार करण्यासारखं काय आहे? पाडा. चाळीस-पंचेचाळीस वर्षं जुन्या इमारतीत पैसे ओतायचे, आणि दहा वर्षांनी छप्पर, मग खिडक्या, मग बॉयलर. शेवटी दुरुस्तीचा खर्च नव्याच्या जवळ जातो आणि हातात राहतात त्याच कोंदट स्टुडिओ खोल्या. ८४ ची ११० होत असतील तर प्रतीक्षायादीतली २६ माणसं आत येतील. त्यांचा विचार कोण करणार? आत राहणाऱ्यांना तोंड असतं, यादीतल्यांना नसतं.

मोरपंखी

काकांचा शेवटचा मुद्दा पटला. बाकीचा नाही.

मी आर्किटेक्ट आहे, ज्येष्ठांच्या घरांवर बरंच काम केलंय. १९८१ ची इमारत म्हणजे ती १९९० च्या एडीए या अपंगांच्या हक्कांच्या कायद्याआधीची, आणि १३ मार्च १९९१ नंतर राहायला खुल्या झालेल्या इमारतींना घरांतला भेदभाव रोखणाऱ्या फेअर हाउसिंग कायद्याने जे नियम लागले, त्यांच्याही आधीची. त्यामुळे दरवाजे अरुंद असणारच. ३२ इंच मोकळी वाट आणि खुर्ची वळवायला पाच फुटांचं वर्तुळ, ही त्या काळात कुणाची सवयच नव्हती.

पण उंबरठा, 'दुरुस्ती' या शब्दात खूप काही बसतं. आम्ही एका ठिकाणी तीन स्टुडिओंची दोन घरं केली. भिंत भार घेणारी आहे की नुसती आडभिंत, यावर सगळं अवलंबून. तुमच्या इमारतीचे मूळ स्ट्रक्चरल नकाशे आहेत का? आधी ते शोधा. बोर्डाच्या कपाटात नसतील तर नगरपालिकेच्या परवाना विभागात प्रत मिळू शकते.

खडूसकाका

@मोरपंखी तीनची दोन केली म्हणजे घरं कमी झाली! प्रतीक्षायादीला काय सांगणार, एक तृतीयांश लोक परत जा?

मोरपंखी

सगळ्यांची करायला कोण सांगतंय? :) ज्या स्टुडिओंना भाडेकरू मिळत नाही, तेवढ्यांचीच. जोडप्याला स्टुडिओ दिला तर ते यादीत थांबणं पसंत करतात आणि खोली महिनोन्‌महिने रिकामी पडते.

पैलतीर

अफोर्डेबल हाउसिंगचे हिशेब तपासणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर उडी मारा.

सेक्शन २०२ हा १९५९ च्या कायद्यातला. आधी सरकार ना-नफा संस्थांना कमी व्याजाने कर्ज द्यायचं, मग १९७४ नंतर सेक्शन ८ ची भाडेमदत जोडीला आली. १९९० च्या कायद्याने कर्जाऐवजी बिनव्याजी भांडवल दिलं जाऊ लागलं. चाळीस वर्षं गरीब ज्येष्ठांसाठीच इमारत चालवली तर ते परत करायचं नाही. तुमची इमारत मधल्या पिढीतली. तिची खरी दौलत ना जमीन ना इमारत, तर तो सेक्शन ८ चा करार. तो काचेच्या भांड्यासारखा सांभाळा.

आता टॅक्स क्रेडिट. १९८६ च्या करसुधारणा कायद्यात हे आलं. बँक किंवा मोठी कंपनी तुमच्या प्रकल्पात पैसे घालते आणि बदल्यात तिला दहा वर्षं करात सूट मिळते. कागदोपत्री ९९.९९ टक्के मालक गुंतवणूकदार, तुमची संस्था ०.०१ टक्क्याची, पण कारभार तुमचा. नऊ टक्क्यांचं क्रेडिट खर्चाचा साधारण ७० टक्के भार उचलतं, पण त्याला राज्यात मारामारी असते. चार टक्क्यांचं साधारण ३० टक्के उचलतं आणि त्याला करमुक्त रोख्यांची जोड लागते. पूर्वी खर्चाचा निम्मा भाग रोख्यांतून दाखवावा लागायचा. २०२५ च्या कायद्याने ही अट २५ टक्क्यांवर आणली, त्यामुळे आता रोखे जास्त प्रकल्पांना पुरतील.

आणि आता खरी मेख. टॅक्स क्रेडिटच्या घराचं भाडं भाडेकरूच्या उत्पन्नावर ठरत नाही. त्या भागातल्या मध्यम उत्पन्नाच्या ५० किंवा ६० टक्क्यांवर एक आकडा काढतात आणि त्याच्या ३० टक्के ही भाड्याची कमाल मर्यादा. समजा तुमच्याकडे एकट्या माणसाची ६० टक्क्यांची मर्यादा वर्षाला ४२,००० डॉलर आहे. मग स्टुडिओचं भाडं महिना १,०५० पर्यंत जाऊ शकतं, आणि वन बेडरूमचं त्याहून वर. २०२५ मध्ये एकट्या माणसाला केंद्राकडून मिळणारं एसएसआय (गरीब ज्येष्ठ आणि अपंगांसाठीची मदत) महिना जास्तीत जास्त ९६७ डॉलर होतं.

म्हणजे 'परवडणाऱ्या' घराचं भाडं एसएसआयवर जगणाऱ्या एखाद्या बाईच्या अख्ख्या उत्पन्नापेक्षा जास्त. आज तीच बाई तुमच्या इमारतीत ३० टक्क्यांच्या हिशेबाने २९० च्या आसपास भरत असेल.

उंबरठा

बाप रे. हे आम्हाला सादरीकरणात कुणी असं सांगितलं नाही. स्लाइडवर '१०० टक्के परवडणारी' असं मोठ्या अक्षरात होतं.

पण सेक्शन ८ चा करार नव्या इमारतीलाही मिळेल ना?

पैलतीर

मिळू शकतो, हडच्या (केंद्राच्या गृहनिर्माण खात्याच्या) मंजुरीने. पण तो ८४ घरांचा आहे. वरची २६ घरं त्यात आपोआप येत नाहीत. त्यांना स्थानिक गृहनिर्माण प्राधिकरणाकडून वेगळी प्रोजेक्ट व्हाउचर्स (घराला जोडलेली भाडेमदत) मिळवावी लागतील, नाहीतर तिथे १,०५० हून जास्त भरू शकणारेच येतील. तेही गरजू असतात, मी नाही म्हणत नाही. निवृत्त शाळाशिक्षक, बसचालक. पण खडूसकाकांनी ज्या २६ जणांचा कळवळा दाखवला, ती यादी बहुधा ३० टक्केवाल्यांची आहे. ते या घरांत येऊच शकणार नाहीत.

खडूसकाका

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. नोंद घेतली. मत बदललेलं नाही.

अवली_पाहुणा

'हड' म्हटलं की मला गावाकडे कुत्र्याला हाकलतात तेच आठवतं. अशा नावाच्या खात्याकडून घर मिळवायचं म्हणजे कमालच. दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.

जिना_चढताना

माझ्या सासूबाईंचा अनुभव लिहिते. कुणाला घाबरवायचं नाहीये.

त्या अशाच एका इमारतीत १७ वर्षं राहिल्या. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, पण स्वतःच्या किल्लीचं घर हवं हा त्यांचाच हट्ट. मग नूतनीकरण निघालं. सगळ्यांना वर्षभरासाठी हलवलं. व्यवस्थापनाने ट्रक दिला, खोकी दिली, भाड्याचा फरक भरला. कागदावर बोट ठेवायला जागा नव्हती.

तात्पुरतं घर खरं तर जुन्यापेक्षा चांगलं होतं. पण जुन्या घरात रात्री उठून बाथरूमला जायचं तर पलंगावरून उतरून डावीकडे वळायचं. १७ वर्षं डावीकडे. नव्या घरात बाथरूम उजवीकडे. तिसऱ्या आठवड्यात रात्री दोन वाजता त्या झोपेत डावीकडे वळल्या, तिथे कपाटाचा कोपरा होता. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर पुनर्वसन केंद्र, मग नर्सिंग होम. नव्या इमारतीचं पत्र आलं तेव्हा मीच फोन करून सांगितलं की त्या परत येणार नाहीत.

कुणाची चूक नव्हती. म्हणूनच जास्त त्रास होतो, रागवायला कुणी सापडत नाही.

मोरपंखी

हे वाचून काही सुचेना. मी नकाशा काढताना पलंगाची दिशा कधी विचारली नव्हती, आता विचारेन.

टेकडीपलीकडे

जिना_चढताना यांनी लिहिलंय ते शब्दाशब्दाला खरं. मी अशा इमारतीत सर्व्हिस कोऑर्डिनेटर आहे. म्हणजे डॉक्टरच्या वेळा, अर्ज, मेडिकेअरची पत्रं, शेजाऱ्यांची भांडणं, सगळं माझ्या टेबलावर. दोन स्थलांतरं पार पाडलीत. कायद्यात आहे ते एक आणि प्रत्यक्षात लागतं ते दुसरं.

कायदा असा: केंद्राचा पैसा असेल तर १९७० चा युनिफॉर्म रिलोकेशन अ‍ॅक्ट लागतो. घर सोडायला लावण्याआधी ९० दिवसांची लेखी नोटीस, हलवण्याचा खर्च, तुलनेने तसंच घर. तात्पुरतं स्थलांतर वर्षावर गेलं की कायमच्या स्थलांतराची मदत देऊ करावी लागते. उंबरठा, तुमचा 'ब' दोनेक वर्षांचा आहे, म्हणजे हे कलम लागणारच. बजेटमध्ये त्याचा आकडा आहे का, ते पहिल्यांदा विचारा.

प्रत्यक्षात लागतं ते असं. माणूस हलतो तेव्हा त्याच्याबरोबर घरी येणारी मदतनीस हलते का? तिच्या बसचा मार्ग बदलला की ती दुसरं काम धरते. दुपारचा डबा घरपोच येत असेल तर तो नव्या पत्त्यावर सुरू व्हायला वेळ जातो. पडल्यावर दाबायचं गळ्यातलं बटण लँडलाइनला जोडलेलं असतं, ती लाइन हलवायची राहते. इन्सुलिन ट्रकात की हातात? मांजर कुठे?

आणि खोकी. ८८ वर्षांच्या माणसाला ४० रिकामी खोकी देऊन 'भरून ठेवा' म्हणणं हा क्रूरपणा आहे. आमच्याकडच्या एका आजोबांनी एकच खोकं भरलं, त्यावर पेनने 'शेवटचं' असं लिहिलं आणि दाराशी खुर्ची टाकून बसले. बाकीचं घर जसंच्या तसं. त्या दिवसापासून मी बजेटमध्ये खोकी भरून देणारी आणि तिकडे उघडून लावून देणारी माणसं धरूनच अर्ज पाठवते.

निळावंती

अवांतर प्रश्न, राग मानू नका. मुलं असताना आईवडिलांना अशा इमारतीत ठेवायचंच कशाला?

अवली_पाहुणा

आला! मी घड्याळ लावून बसलो होतो. तेरा प्रतिसाद पुरे होता होता आला.

जिना_चढताना

@निळावंती 'ठेवलं' नव्हतं. त्या राहत होत्या. दोन्हींत फरक आहे.

टेकडीपलीकडे

@निळावंती माझ्या इमारतीतल्या बऱ्याच जणांना मुलंच नाहीत. काहींची मुलं स्वतः सत्तरीची आहेत. आणि काहींची मुलं आहेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

निळावंती

माफ करा. सत्तरीच्या मुलांचा विचार खरंच केला नव्हता.

जुना_गिरगावकर

तिकडचं वाचून इकडचं आठवलं. मुंबईतही सार्वजनिक न्यासांच्या जुन्या चाळी आहेत, नाममात्र भाड्याच्या. ट्रस्टला जागा विकायची किंवा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायची, तर १९५० च्या न्यास कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. तिथे फायली मुरांब्यासारख्या मुरतात. न्यासाच्या नाहीत, सरकारी आहेत, पण बीडीडी चाळींचं उदाहरण ताजं आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचं घर, तेही मालकीचं, फुकट. वरळीत पहिल्या ५५६ जणांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये चाव्या मिळाल्या.

तुमच्याकडे मालकी मिळत नाही वाटतं?

पैलतीर

नाही, भाडेकरू तो भाडेकरूच. पण त्याचा फायदाही आहे. इथे वर खुल्या बाजारात विकायचे मजले काढून खालचे फुकट देणं असा व्यवहार नाही. घर पुढच्या गरजू म्हाताऱ्याकडे जातं, वारसाकडे नाही.

जुना_गिरगावकर

वारस हा शब्द काढलात आणि चाळीतली अर्धी भांडणं आठवली. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

कॅलिडोस्कोप

पाडल्यावर माणसांना खरंच परत येता येतं का, यावरून सांगतो. सॅन फ्रान्सिस्कोत असाल तर कर्नी स्ट्रीटवर इंटरनॅशनल हॉटेलची जागा बघून या. तिथे फिलिपिनो आणि चिनी म्हातारे एकेका खोलीत भाड्याने राहत. बहुतेक एकटे, आयुष्यभर शेतांत आणि जहाजांवर राबलेले. मालकाला जागा मोकळी हवी होती. काही वर्षं लढा चालला आणि ४ ऑगस्ट १९७७ ला पहाटे पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. इमारतीभोवती हजारो माणसांनी साखळी केली होती, तरी. मग इमारत पाडली आणि तिथे नुसता खड्डा राहिला, वर्षानुवर्षं. २००५ साली त्याच जागी ज्येष्ठांसाठी १०४ परवडणारी घरं उभी राहिली. २८ वर्षांनी!

ते मालकाचं प्रकरण होतं, तुमचं ना-नफा संस्थेचं, मान्य. पण पाडणं एका आठवड्याचं काम असतं आणि बांधणं पैशांवर अवलंबून असतं. पाडल्यावर व्याजदर चढले, गुंतवणूकदार मागे हटला, तर काय? सगळा पैसा कागदावर सहीनिशी बांधला जाईपर्यंत एकाही भाडेकरूला नोटीस देऊ नका.

खडूसकाका

हे मात्र सोळा आणे खरं. आर्थिक व्यवहार पूर्ण झाल्याशिवाय हातोडा नाही. आणि डेव्हलपर कोण आहे? त्याची फी किती? ना-नफा संस्थेचं बोर्ड म्हणजे भली माणसं, पण बऱ्याचदा आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं.

उंबरठा

काका, डेव्हलपर बाहेरचा आहे, फी निम्मी-निम्मी वाटायचं बोलणं चाललंय. पंधरा वर्षांनी गुंतवणूकदार बाहेर पडताना इमारत पूर्णपणे आमच्याकडे परत येणार असंही ते म्हणतात.

पैलतीर

'म्हणतात' नको, लिहून घ्या. पंधरा वर्षांनी पहिली खरेदी तुमची, हा हक्क करारात नेमक्या शब्दांत हवा. ठरलेली किंमत कशी काढायची, गुंतवणूकदाराची संमती लागते की नाही, सगळं. या एका कलमावरून ना-नफा संस्था आणि गुंतवणूकदार कोर्टात गेलेले आहेत. या कामातला वकील संस्थेचा स्वतःचा असू द्या, डेव्हलपरने सुचवलेला नको.

मोरपंखी

उंबरठा, एक विचारू? इमारतीला पार्किंग किती आहे?

उंबरठा

७० गाड्यांचं. जेमतेम २० गाड्या उभ्या असतात, त्यातल्या दोन वर्षानुवर्षं हललेल्या नाहीत. का?

मोरपंखी

मग तुमचा 'क' तिथेच पडलाय, डांबराखाली.

आधी पार्किंगवर नवी विंग बांधा. ४०-४५ घरं बसतात का बघू. जुन्या इमारतीतली निम्मी माणसं एकदाच, थेट कायमच्या घरात जातील. आवाराबाहेर जायचं नाही, पत्ता तोच, बस तीच, मदतनीस तीच. मग जुनीचा रिकामा झालेला भाग पाडा किंवा आतून पूर्ण बदला आणि उरलेल्यांना हलवा. नगरपालिका पार्किंगच्या किमान संख्येवरून अडवेल, पण ज्येष्ठांच्या घरांना त्यात सवलत मिळवता येते. विचारायला हवं.

पैलतीर

माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. दोन टप्पे म्हणजे दोनदा क्रेडिट, दोनदा रोखे, दोनदा वकील, दोनदा कंत्राटदाराची जमवाजमव. महाग पडेल. शिवाय पहिला टप्पा झाल्यावर दुसऱ्याला पैसे मिळाले नाहीत तर एकाच आवारात नवी आणि जुनी अशा दोन जाती तयार होतील.

तरी स्थलांतराचा खर्च वजा करून बघा. माणसं बाहेर न्यायची नसतील तर तो आकडा बराच खाली येतो. मी या पर्यायाला नाही म्हणणार नाही.

टेकडीपलीकडे

आणि बांधकामाच्या आवाजात राहणं? सकाळी सातला खिडकीखाली पाइलिंग सुरू झालं की माझ्याकडच्या माणसांचा रक्तदाब मशीनबाहेर जातो. तरी बाहेर हलवण्यापेक्षा तेच पत्करेन. आवाज थांबतो.

मोरपंखी, तुम्हाला एक विनंती. बाथरूममधली मदतीची दोरी जमिनीपर्यंत यायला हवी. आमच्याकडे ती कमरेला संपते. पडलेला माणूस कमरेपर्यंत पोचू शकला असता तर त्याला दोरी कशाला लागली असती? काही जण साफसफाईला आड येते म्हणून ती गुंडाळून वर बांधतात, ते वेगळंच.

मोरपंखी

अगदी. दोरी फरशीपर्यंत, आंघोळीच्या जागेला उंबरा नको, टब तर अजिबात नको, आणि बाथरूमच्या भिंतींत प्लायवूडचा आधार आधीच घालून ठेवायचा, म्हणजे आज नको असलेली कठड्याची दांडी उद्या कुठेही बसवता येते. खिडकीची कड इतकी खाली की पलंगावर पडल्या पडल्या बाहेरचं दिसावं. लिफ्ट दोन. एक बंद पडणारच, हे गृहीत धरायचं.

आणि फुकटात होणारी एक गोष्ट: इमारतीच्या हॉलमध्ये जमिनीवर मास्किंग टेप लावून नव्या घराचा नकाशा खऱ्या मापात आखा. भिंती, दारं, पलंग, ओटा. मग राहणाऱ्यांना त्यात फिरायला सांगा. कागदावरचा नकाशा बहुतेकांना वाचता येत नाही आणि ते तसं सांगतही नाहीत.

उंबरठा

@जिना_चढताना, आखताना पलंगाची बाजूही विचारीन.

सगळ्यांचे आभार. प्रिंट काढून बोर्डाच्या अध्यक्षांना दिली आहे (अवली यांचे प्रतिसाद वगळून).

अवली_पाहुणा

निषेध! संपादकांकडे तक्रार करणार.

निळावंती

धागा वर काढतेय. उंबरठाताई, मतदान झालं का? नंतर बरेच दिवस विचार करत होते.

उंबरठा

झालं. उशीर झाला, क्षमस्व.

टेप लावली. शनिवारी सकाळी मी, आमचे खजिनदार आणि सफाई कामगार, तिघांनी गुडघ्यांवर बसून. दिवसभरात ३७ जण येऊन गेले. डेव्हलपरचा माणूसही आला होता. पहिल्याच बाई वॉकर घेऊन आत गेल्या आणि पलंग व कपाट यांच्यामधल्या जागेत त्यांना वळताच येईना. तशाच मागे मागे चालत बाहेर आल्या. तो माणूस खाली बसला, टेप उखडली आणि कपाट नऊ इंच सरकवलं. संध्याकाळपर्यंत त्याने चार वेळा टेप बदलली. जिना_चढताना, पलंगाचं विचारलं. जवळजवळ प्रत्येकाला उत्तर माहीत होतं, हाताने दाखवत होते, डावीकडे, उजवीकडे.

बोर्डाने 'ब' फेटाळला, ६ विरुद्ध ३. 'क' चा नीट अभ्यास करायला पैसे मंजूर झाले. सेक्शन ८ च्या वरच्या घरांना व्हाउचर्स मिळाली नाहीत तर घरांची संख्या वाढवायची नाही, अशी ओळ मी आग्रहाने घालून घेतली. त्यावर खूप वाद झाला. खडूसकाकांसारखे एक सदस्य आमच्याकडेही आहेत, आणि ते सगळंच चूक बोलत होते असं नाही. प्रतीक्षायादी लांबच राहणार आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. तोवर लिफ्टचा सुटा भाग आगाऊ आणून तळघरात ठेवलाय.

खडूसकाका

नऊ इंचांसाठी डेव्हलपरला गुडघ्यावर आणलंत, यातच सगळं आलं. अभिनंदन. दुसऱ्या टप्प्याचे पैसे बुडाले की इथे येऊन मला सांगा.

जिना_चढताना

त्या टपालपेटीवाल्या आजी आल्या होत्या का?

उंबरठा

आल्या होत्या, दुपारी, सगळे गेल्यावर. टेपच्या आत बराच वेळ उभ्या राहिल्या आणि खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे का विचारलं. हो म्हटलं. मग म्हणाल्या, पोस्टमन साडेअकराला येतो, तो दिसेल अशी द्या.